ब्लॉन्ड एलचा गोडवा: नाकातला आणि जिभेवरचा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लहान क्राफ्ट ब्रुअरीची बेल्जियन पद्धतीची ब्लॉन्ड एल, म्हणजे एक प्रकारची सोनेरी बिअर, आपण पहिल्यांदाच चाखली. बाटलीवर ६.८ टक्के मद्यार्क लिहिलेला होता. ओतताना फेस भरभर वर आला, वास पिकल्या केळ्याचा आणि थोडा लवंगेचा आला, पहिला घोट गोडसर लागला, पण ग्लास संपत आला तेव्हा तोंड कोरडे वाटू लागले आणि बाटलीच्या तळाशी गाळही दिसला. यातले शैलीला धरून काय आणि बिघडलेले काय, आणि अशी बिअर चाखायची तर कोणत्या क्रमाने, हे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे बेल्जियन पद्धतीच्या एल बनवत आलो आहे आणि चाखणीच्या टेबलावरही नियमित बसतो. त्यामुळे प्रश्न ओळखीचा आहे आणि त्यातली ‘आधी गोड, मग कोरडे’ ही नोंद मला फार मोलाची वाटते.

आधी उत्तर सांगतो, मग कारणांकडे वळतो. आपल्याला जाणवलेला गोडवा बहुतांशी नाकाने जाणवला असणार, आणि शेवटचा कोरडेपणा ही चांगल्या ब्लॉन्ड एलची खूणच आहे. ही बिअर सुरुवात कशी करते यापेक्षा घोट गिळल्यानंतर कशी संपते यावर तिची पारख करावी, कारण सुरुवातीचा फळांचा गंध बरेच जण साधू शकतात, पण स्वच्छ आणि कोरडा शेवट साधायला माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), साखर, यीस्ट (साखर आंबवणारे सूक्ष्मजीव) आणि तापमान या चारही गोष्टी जुळाव्या लागतात.

याची खात्री आपल्याला स्वतःलाच करून घेता येईल. पुढच्या बाटलीच्या वेळी पहिला घोट नेहमीसारखा घ्या आणि किती गोड लागतो ते मनात नोंदवा. दुसरा घोट घेण्याआधी नाक दोन बोटांनी घट्ट दाबून धरा, बिअर तोंडात तीन-चार सेकंद फिरवा आणि नाक तसेच धरून गिळा. केळे, नाशपाती, लवंग सगळे एकदम नाहीसे होईल आणि जिभेवर उरेल ते थोडे पातळ, सौम्य कडू, बुडबुड्यांनी टोचणारे, जेमतेम गोड असे पेय. मग नाक सोडा. घशाकडून नाकात चढणाऱ्या वाफेबरोबर फळांचा गंध परत येईल आणि त्याच्यासोबत गोडवाही परत आल्याचा भास होईल. नाक दाबूनही बिअर स्पष्ट गोड लागली, ओठांना चिकटपणा जाणवला, तर मात्र तिच्यात न आंबलेली साखर खरोखरच शिल्लक आहे आणि ते या शैलीला शोभणारे नाही. नव्याने चाखायला बसणाऱ्या प्रत्येकाकडून मी हा प्रयोग सर्वांत आधी करून घेतो.

‘ब्लॉन्ड’ या नावाखाली दोन निराळ्या बिअर विकल्या जातात, हेही इथेच सांगायला हवे. अमेरिकन पद्धतीची ब्लॉन्ड एल साधारण ४ ते ५.५ टक्क्यांची असते आणि तिच्यात यीस्टचा गंध जवळपास नसतो. बेल्जियन ब्लॉन्ड ६ ते ७.५ टक्क्यांच्या आसपासची असते, तिचा कडूपणा बेताचा, म्हणजे कडूपणा मोजायच्या आयबीयू या एककात १५ ते ३० इतका असतो, आणि तिचे सगळे व्यक्तिमत्त्व यीस्टने घडवलेले असते. लेफ ब्लॉन्ड ६.६ टक्के आहे, तर बेल्जियममधल्या वेस्टव्लेटरनच्या मठात १९९९ पासून बनणारी ब्लॉन्ड ५.८ टक्क्यांची आहे. म्हणजे आकड्यांची चौकट फार ताठ धरण्यात अर्थ नाही. तिच्या वरच्या पायरीवर ट्रिपेल आणि स्ट्राँग गोल्डन एल येतात, जशी ९.५ टक्क्यांची वेस्टमाल ट्रिपेल किंवा ८.५ टक्क्यांची डुव्हेल. त्यांच्यात मद्यार्काची ऊब आणि मसाल्यांचा गंध अधिक ठळक असतो. ब्लॉन्डमध्ये सगळे खालच्या स्वरात असावे लागते.

आता कोरडेपणाचे कारण. या बिअरचा पाया फिकट पिल्सनर माल्टचा असतो आणि त्याच्या जोडीला ब्रुअर उकळीच्या वेळी साखर घालतो. बेल्जियममध्ये ती परंपरेने बीटाची साखर असते. एकूण आंबणाऱ्या घटकांत तिचा वाटा साधारण ५ ते १५ टक्के ठेवला जातो. साखर घातली म्हणजे बिअर गोड होईल असे सहज वाटते, पण घडते उलटे. माल्टमधून येणाऱ्या शर्करांपैकी काही लांब साखळीच्या असतात आणि त्या यीस्टला पचत नाहीत, म्हणून त्या बिअरमध्ये उरतात आणि तिला अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, देतात. साधी साखर मात्र यीस्ट पूर्णपणे खाऊन टाकते, त्यामुळे मद्यार्क वाढतो आणि अंग हलके राहते. आपल्या बाटलीचे उदाहरण घ्यायचे तर पाण्याच्या १.०६२ पट घनतेचे वॉर्ट, म्हणजे आंबण्याआधीचा माल्टचा गोड अर्क, आंबून १.०१० पर्यंत उतरले की दोन आकड्यांमधला फरक ०.०५२ येतो, आणि त्याला १३१.२५ ने गुणले की ६.८ टक्के मद्यार्क मिळतो. हीच बिअर १.०१८ वर थांबली असती तर मद्यार्क ५.८ टक्क्यांच्या आसपास राहिला असता आणि दुसऱ्या अर्ध्या ग्लासापर्यंत ती जड वाटू लागली असती. बेल्जियन ब्रुअर ज्याला ‘सुपाच्य’ बिअर म्हणतात ती हीच: मद्यार्क पुरेसा, पण पोटाला आणि जिभेला भार नाही.

चाखण्याची तयारी साधीच आहे, तरी तिच्यात चूक झाली तर पुढचे सगळे निरीक्षण वाया जाते. फ्रिजमधून काढल्याबरोबर ३-४ अंशांवर ही बिअर चाखू नये, कारण इतक्या थंडीत गंध वर येतच नाहीत. बाटली पंधरा-वीस मिनिटे आधी बाहेर काढावी, ७ अंशांच्या आसपास पहिला घोट घ्यावा आणि ग्लास १२ अंशांपर्यंत सावकाश तापू द्यावा. या पाच अंशांच्या प्रवासात बिअर जे जे बोलते ते सगळे टिपायचे असते. ग्लास ट्युलिपच्या आकाराचा, म्हणजे पोटाशी फुगीर आणि वर किंचित आवळलेला असावा, आणि तो साबणाचा अंश राहणार नाही इतका धुतलेला असावा. ओतल्यानंतर ग्लासाच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले तर बिअरला दोष देऊ नका, ग्लास पुन्हा धुवा.

ओतताना ग्लास तिरका धरून सुरुवात करावी, अर्धा भरला की सरळ करून मध्यभागी धार सोडावी, आणि फेस दोन-तीन बोटे उंच येऊ द्यावा. फेस भरभर येणे हे या शैलीत अपेक्षितच आहे, कारण बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेल्या या बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड साधारण लागरपेक्षा, म्हणजे थंड तापमानात आंबवलेल्या बिअरपेक्षा, जास्त असतो. पाहायचे ते हे की तो पांढरा, बारीक बुडबुड्यांचा आणि टिकाऊ आहे का, आणि घोट घेत गेल्यावर ग्लासाच्या भिंतीवर जाळीसारख्या खुणा मागे सोडतो का. झाकण उघडताच बिअर स्वतःहून कारंज्यासारखी बाहेर उसळली, तर ती गोष्ट वेगळी. तिच्याकडे पुढे येतो. रंग फिकट ते गडद सोनेरी असावा. बिअर स्वच्छ असते असे शैलीचे वर्णन सांगते, पण लहान ब्रुअरीच्या, न गाळलेल्या बाटलीत हलकी धूसरता मला खटकत नाही.

वास हा या बिअरचा गाभा आहे, म्हणून त्याला घाई करू नये. पहिल्यांदा ग्लास न हलवता दोन-तीन छोटे, उथळ श्वास घ्यावेत, मग ग्लास हलकेच फिरवून पुन्हा. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेट या एस्टरचा (एस्टर म्हणजे फळांसारखा गंध देणारी संयुगे), आणि तो यीस्टच वाढताना तयार करते. सफरचंद आणि बडीशेपेकडे झुकणारा गंध इथाइल हेक्झानोएटचा. लवंगेचा गंध एस्टरचा नसून ४-व्हिनाइल ग्वायकॉल या फिनॉलचा, म्हणजे मसाल्यासारखा गंध देणाऱ्या दुसऱ्या गटातल्या संयुगाचा, आहे. माल्टच्या सालीतून येणाऱ्या फेरुलिक आम्लापासून ते यीस्ट तयार करते, आणि ती क्षमता सगळ्या यीस्टमध्ये नसते. बाटलीवर मसाल्यांचा उल्लेख नसताना लवंग, मिरी, धणे असे काही जाणवले तर ब्रुअरने मसाला घातल्याची शंका घेण्याचे कारण नाही. चांगल्या ब्लॉन्डमध्ये केळे एकटे पुढे येत नाही. त्याच्यामागे नाशपाती, संत्र्याची किंवा लिंबाची साल, थोडा मध, ताज्या धान्याचा वास आणि साझ किंवा स्टिरियन गोल्डिंग्ससारख्या हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि गंध देणाऱ्या वेलीच्या फुलांचा) मातकट-फुलांचा गंध एकामागून एक उलगडत जातो.

केळेच केळे येत असेल, बबलगमसारखे, आणि ग्लास तापत जाईल तसे ते वाढतच असेल, तर कारण बहुधा किण्वनाच्या, म्हणजे आंबण्याच्या, पहिल्या दोन दिवसांत सापडते: यीस्ट कमी घातले असेल, नाहीतर तापमान लवकर चढू दिले असेल. सर्वसाधारण शिस्त अशी की वॉर्ट १८ अंशांच्या आसपास ठेवून सुरुवात करायची आणि यीस्टने निम्म्याहून अधिक काम संपवले की २२-२३ अंशांपर्यंत हळूहळू चढू द्यायचे. सुरुवातीची थंडी गंधांना लगाम घालते आणि शेवटची ऊब यीस्टला उरलेली साखर संपवायला बळ देते. एका खेपेला माझ्या टाकीची शीतव्यवस्था रात्री बंद पडली आणि सकाळी तापमापक २८ अंश दाखवत होता, तेही पहिल्याच दिवशी. बिअर दिसायला देखणी झाली, घनताही व्यवस्थित उतरली, पण ग्लास नाकाशी नेला की नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा तिखट वास यायचा आणि घोट गिळल्यावर छातीत जळजळीत, रासायनिक ऊब जाणवायची. तीन महिने ठेवून पाहिली, कारण काळाने सगळे मुरते असे मला तेव्हा वाटत होते. तो वास देणारे इथाइल ॲसिटेट आणि ती ऊब देणारी फ्यूजल अल्कोहोल मुरत नाहीत. ती सगळी बिअर ओतून द्यावी लागली. त्या दिवसापासून ब्लॉन्ड चाखताना मी मद्यार्काची ऊब नेमकी कुठे जाणवते ते आवर्जून पाहतो: घशात हलकी आणि मऊ जाणवली तर ठीक, नाकात टोचली तर नाही.

मधाच्या गंधाबद्दल दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण तिथे अनुभवी माणूसही फसतो. ताज्या ब्लॉन्डमध्ये मधाचा पुसट गंध हवासा असतो. शिळ्या होत चाललेल्या, ऑक्सिजन लागलेल्या बिअरमध्येही मधासारखा गंध येतो. फरक ओळखायचा तो आजूबाजूच्या गंधांवरून. ताज्या मधासोबत धान्याचा आणि फुलांचा गंध जिवंत असतो, आणि घोटाचा शेवट खुटखुटीत असतो. शिळ्या मधासोबत हॉप्स गायब झालेले असतात, आणि जरा थांबले की ओल्या पुठ्ठ्याची चव मागून येते. लहान ब्रुअरीत बाटल्या भरताना हवा आत शिरणे ही मोठी अडचण असते. बाटलीत जिवंत यीस्ट असेल तर ते थोडा ऑक्सिजन शोषून घेते, आणि त्यामुळे बाटलीत आंबवलेल्या बिअरला थोडे अधिक आयुष्य मिळते.

आता घोट. तो मोठा असावा, कारण चिमूटभर बिअरने जिभेचा एकच भाग भिजतो आणि बुडबुड्यांचा टोच नीट कळत नाही. जिभेच्या अमुक भागावर गोड आणि तमुक भागावर कडू कळते, हा नकाशा खरा नाही. तो १९०१ च्या एका जर्मन अभ्यासाच्या चुकीच्या अर्थातून पसरला. वाइन चाखणाऱ्यांसारखी बिअर थुंकूनही टाकू नये. कडूपणाचा पूर्ण अंदाज घोट गिळल्यावरच येतो, आणि ब्लॉन्डची तर सगळी परीक्षा तिथेच आहे. पहिल्या क्षणी माल्टचा मऊपणा, मग बुडबुड्यांमुळे तो जिभेवरून उचलला जाणे, मग फळ आणि मसाला, आणि शेवटी हलक्या कडूपणासह सगळे आवरते घेणे, असा क्रम लागला तर बिअर चांगली जमली आहे असे समजावे. बुडबुडे कमी असतील तर हीच बिअर सुस्त आणि गोड वाटेल, कारण जिभेवरून गोडवा झाडून काढायचे काम तेच करतात.

आपण ‘तोंड कोरडे पडले’ असे लिहिले आहे, तेव्हा एक खुलासा आवश्यक आहे. कोरडेपणा आणि तुरटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साखर शिल्लक नसल्यामुळे येणारा कोरडेपणा असा की घोट संपल्यावर तोंडात काही रेंगाळत नाही, क्षणभराने लाळ सुटते आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो. तुरटपणात जीभ टाळूवरून फिरवली की ती खरखरीत लागते, गालांची आतली बाजू आवळल्यासारखी वाटते आणि प्रत्येक घोटागणिक ते साचत जाते. हा तुरटपणा सालीतल्या टॅनिनमुळे येतो. माल्टमधली उरलेली साखर धुऊन काढताना ब्रुअरने पाणी फार तापवले किंवा त्याची आम्लता घसरू दिली की टॅनिन सुटते. ब्लॉन्डसारख्या फिकट बिअरमध्ये भाजलेल्या माल्टची चव ते लपवायला नसते, म्हणून थोडासा तुरटपणाही उघडा पडतो. शेवटच्या घोटानंतर जीभ टाळूवर फिरवून पाहा. गुळगुळीत लागली तर आपल्याला आवडायला हवा तोच कोरडेपणा तो होता.

बाकी दोष झटपट सांगता येतील. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास डायमिथाइल सल्फाइडचा; पिल्सनर माल्टमध्ये त्याचा पूर्वद्रव्यसाठा जास्त असतो, आणि म्हणूनच असे वॉर्ट बरेच ब्रुअर ९० मिनिटे उघडे उकळतात. लोण्याचा वास आणि जिभेवरची निसरडी जाणीव डायॲसिटिलची, हिरव्या कच्च्या सफरचंदाचा वास ॲसिटाल्डिहाइडचा. दोन्ही बहुधा ब्रुअरने यीस्टला शेवटचे काही दिवस दिले नाहीत याची साक्ष देतात. स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा उग्र वास हॉप्समधल्या घटकांवर प्रकाश पडल्यामुळे येतो. तपकिरी काच त्यापासून बरेच संरक्षण देते, हिरवी आणि पारदर्शक काच देत नाही, आणि ग्लासात ओतलेली बिअर तर उन्हात काही मिनिटांतच बिघडते. तेवढ्यासाठी उन्हात बसून चाखणी करू नये.

लहान ब्रुअरीच्या बाबतीत एक गोष्ट मला विशेष सांगावीशी वाटते, आणि कारंज्यासारख्या उसळणाऱ्या बाटलीचा संबंध तिच्याशी आहे. अशा ठिकाणी बहुधा त्याच टाक्यांत आणि त्याच नळ्यांतून सेझों नावाची दुसरी बेल्जियन बिअरही बनते. सेझोंच्या पुष्कळ यीस्टमध्ये एसटीए१ नावाचे जनुक असते, आणि त्याच्या जोरावर ती इतर यीस्टला न पचणाऱ्या लांब शर्कराही फोडून खातात. असे यीस्ट नळीच्या एखाद्या जोडात राहिले आणि ब्लॉन्डच्या बाटलीत पोहोचले, तर ते महिनोन् महिने सावकाश काम करत राहते. बिअर पाण्यासारखी पातळ होते, मिरीसारखा तिखट गंध वाढतो, दाब वाढतो आणि बाटली उघडताच उसळते, क्वचित फुटतेही. आपल्या बाटलीत फेस फक्त ओतताना आला असेल, उघडताना नाही, तर हे घडलेले नाही. त्याच खेपेची दुसरी बाटली मिळाली तर ती दोन-तीन महिने थंड जागी ठेवून मग उघडावी आणि पहिल्या बाटलीच्या नोंदीशी ताडून पाहावी. यीस्टवर ब्रुअरचा ताबा किती आहे, हे अशा दोन बाटल्यांच्या तुलनेत चांगले कळते.

तुलनेसाठी जवळ आणखी एक प्रस्थापित ब्लॉन्ड असावी, जसे अफ्लिगेम, लेफ किंवा ला ट्राप. तीन ग्लास घ्या, दोनांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी असे कोणाकडून तरी आपल्यामागे ओतवून घ्या, आणि वेगळा ग्लास कोणता ते ओळखा. अंदाजपंचे बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते, म्हणून हे निदान पाच-सहा वेळा करावे. वेगळी बिअर सातत्याने ओळखता येऊ लागली की मगच ‘हिच्यात केळे जास्त आहे’ किंवा ‘तिचा शेवट अधिक कोरडा आहे’ अशा शब्दांना काही वजन येते.

राहिला गाळ. तो बाटलीत दुसऱ्यांदा आंबवताना वाढलेल्या यीस्टचा आहे, निर्धोक आहे, आणि बाटली उभी ठेवली असेल तर तळाशी घट्ट बसतो. ओतताना शेवटची बोटभर बिअर बाटलीतच ठेवावी आणि आधी स्वच्छ भागाची पूर्ण चाखणी उरकावी. मग ती बोटभर बिअर हलकेच घुसळून एका छोट्या ग्लासात वेगळी चाखावी. आंबलेल्या कणकेचा वास, किंचित जास्त कडूपणा आणि दाट अंग जाणवेल, आणि हाच गाळ आधीच मुख्य ग्लासात मिसळला असता तर फळांचा गंध किती झाकोळला असता तेही कळेल. आपण दिलेल्या वर्णनावरून आपली बिअर नीट बनलेली दिसते. शंका उरते ती एकाच ठिकाणी, केळ्यापाशी, आणि तिचा निकाल पुढच्या बाटलीत लागेल: ७ अंशांवर एक नोंद लिहा, १२ अंशांवर दुसरी, आणि दुसऱ्या नोंदीत केळ्याखेरीज आणखी किती गंधांची नावे आली आहेत ते मोजा.